खोक्यावरचं अक्षर

ऑगस्ट महिन्यात दुबईतल्या अल क्वोज भागातल्या आमच्या गोदामासमोरचं काँक्रीट इतकं तापत असे की त्यावर पाण्याने ओढलेली रेघ पाच-सहा श्वासांत नाहीशी होई. आमच्या कंपनीतले एक गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत त्या काँक्रीटवर उकिडवे बसत, पाण्याच्या बाटलीत बोट बुडवत आणि चिनी अक्षरं काढत. पहिली रेघ वाळायच्या आत शेवटची पुरी करायची, अशी त्यांची उन्हाशी पैज होती. सहा-सात रेघांचं अक्षर ते सहज पुरं करत. अकरा रेघांच्या एका अक्षराने मात्र त्यांचे तीन उन्हाळे घेतले. ज्या दुपारी ते जमलं त्या दुपारी ते धावत माझ्या टेबलापाशी आले. मी बाहेर पोचेपर्यंत तिथे अर्थातच काहीही उरलं नव्हतं.

"बाई, होतं हितं," ते म्हणाले.

"असणारच, काका," मी म्हटलं. याहून अधिक बोलणं मला त्या काळी जमत नसे.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. "जुळाऱ्याचं नाव पुस्तकात कुठं असतं?" असं ते विचारत, आणि त्या प्रश्नात तक्रारीचा सूर कधीच नसे. सांगलीकडच्या एका छापखान्यात त्यांनी वीसेक वर्षं छपाईचे शिशाचे खिळे जुळवले होते. खिळ्यांचे दिवस संपले, छापखान्यात नवी यंत्रं आली आणि जुळाऱ्यांचं काम उरलं नाही. मग ते कोणाच्या तरी ओळखीने दुबईला आले. आमची कंपनी चीनमधून वॉशबेसिन, नळ आणि न्हाणीघरातलं इतर सामान आणत असे. कंटेनर रिकामा होताना खोक्यांवरच्या खुणा वाचून माल वेगळा लावणं हे त्यांचं काम. गोदामात सगळे त्यांना 'चिनी चाचा' म्हणत. मी काका म्हणे आणि ते मला बाई म्हणत. पुण्यात संस्कृत घेऊन एम. ए. झालेली मी, चाळिशीच्या उंबरठ्यावर आयुष्यातली पहिली नोकरी धरून त्या गोदामाच्या ऑफिसात कागदपत्रांच्या टेबलावर बसले होते, आणि फोन वाजला तरी दचकत होते.

"चिनी येतं म्हणजे बोलताही येतं का हो?" असं मी एकदा विचारलं.

"एक शब्द न्हाई. डेराच्या बाजारात एका दुकानात चिनी बाई हाय, ती माझं बोलणं ऐकून पोट धरून हसती." ते स्वतःही हसले. "बोलणं आपलं काम न्हवं, बाई. कंपोझिटर कुठं बोलतो? त्यानं जुळणी बघायची."

जुळणी ते खरोखर बघत. चिनी अक्षर आपल्याला जाळ्यासारखं गुंतलेलं दिसतं. त्यांना त्यात सुटे भाग दिसत, खिळ्यांच्या केसमधल्या खणांतून उचलून ठेवल्यासारखे. हे सारं त्यांनी खोक्यांवरूनच मिळवलेलं होतं. खोक्यावर पाण्याच्या थेंबांचं किंवा उभ्या बाणाचं चित्र असे आणि शेजारी अक्षरं असत. चित्रावरून अर्थ, अर्थावरून अक्षर, असा त्यांचा अभ्यास चाले. पुढे डेराच्या त्याच दुकानातून त्यांनी चिनी मुलांची एक कित्त्याची वही आणली. तिच्यात प्रत्येक रेघेशेजारी बारीक आकडा होता: ही पहिली, ही दुसरी. ती वही ते शर्टाच्या आत, पोटाशी बाळगत.

"हे बगा. 'खोका ओलीला भितो.' कोरडं ठेवा म्हनत न्हाईत ते. खोका भितो म्हनत्यात." आणि दुसऱ्या एका खोक्यापाशी नेऊन: "हे 'लहान' आन् हे 'काळीज'. लहान काळीज म्हंजे काय?"

"भित्रा?"

"चुकलं. लहान काळीज म्हंजे सावध. जपून. फुटंल असा माल आत हाय." मग माझ्याकडे क्षणभर बघून ते म्हणाले, "तुमी त्या मुलखात जन्मला असता तर हे तुमच्याच कपाळावर छापलं असतं."

मला राग आला नाही. माझ्या भित्रेपणाला इतकं सन्मानाचं नाव त्याआधी कोणी दिलं नव्हतं.

आता खोक्यांवर लिहिणाऱ्या त्या एका हाताविषयी सांगायला हवं. काकांचं पुढचं सारं आयुष्य त्याच्याभोवती फिरलं.

त्या काळी कारखान्यातले लोक खोक्यांवर जाड काळ्या मार्करने हातानेच लिहीत. लिहिणारे अनेक असावेत. त्या अनेकांत काकांनी एक हात ओळखून काढला होता. कंटेनरचं दार उघडलं की ते आधी तो हात शोधत, आणि सापडला की त्या खोक्यावरून हलकेच तळवा फिरवत. मला सगळी अक्षरं सारखीच दिसत. मग त्यांनी मला बघायला शिकवलं. त्या हाताची प्रत्येक आडवी रेघ उजवीकडे किंचित वर चढे, कोणी हाक मारल्यावर मान वर करावी तशी. दिवसाकाठी शेकडो खोके लिहिणाऱ्या माणसाने चारशेव्या खोक्यावरही ती रेघ तितकीच वर नेलेली असे. कोण वाचणार होतं ते? फोर्कलिफ्टवाला? आणि तरीही एकाही रेघेत कंटाळा नव्हता. सहा वर्षं काका तो हात वाचत होते. तो बाईचा की पुरुषाचा, म्हाताऱ्याचा की तरुणाचा, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

एक दिवस ते माझ्यापाशी आले. "बाई, त्येला कळवायला पायजे."

"काय?"

"चांगलं लिवतोस म्हनून. मी वीस वर्षं खिळे जुळवले. चूक झाली की मालक हाक मारायचा. बरोबर झालं म्हनून एकदाबी हाक न्हाई आली. त्या मानसाचं तसं का व्हावं?"

त्यांनी खोक्याचा तो अक्षरांचा तुकडा पात्याने नीट कापून आणला होता. कोऱ्या कागदावर तो चिकटवला आणि खाली ऑफिसातलं इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'प्लीज नोट धिस हँडरायटिंग.' मी तो कागद कारखान्याला फॅक्स केला.

इथे मला थांबावं लागतं. आमच्या धंद्यात माल फुटून आला की खोक्याचा तुकडा कापून कागदावर चिकटवायचा, 'प्लीज नोट' असं लिहायचं आणि फॅक्स करायचा, अशी तक्रारीची रीत होती. ती रीत मीच रोज पाळत होते. फॅक्सच्या यंत्रात कागद घालताना माझ्या मनात शंका येऊन गेली होती. पण त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता, आणि मला बोलायचं धैर्य नव्हतं.

चार दिवसांनी उत्तर आलं. कारखान्याने खराब हस्ताक्षराबद्दल मनापासून क्षमा मागितली होती. असं पुन्हा होणार नाही, यापुढे सर्व खोक्यांवर छापील लेबलं असतील, असं कळवलं होतं.

पुढच्या कंटेनरपासून तो हात नाहीसा झाला.

काकांनी सगळे खोके तपासले. वरचे, खालचे, मागचे. मग ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. "बाई, त्येला कामावरनं काढलं आसंल का वो?"

"नसेल, काका."

"कशावरनं?"

मी इंग्रजीत खुलाशाचं पत्र लिहिण्याची तयारी दाखवली. त्यांनी मान हलवली. "इंग्रजीनंच घात केला. आता त्येच्याच अक्षरात इचारायचं. आन् कच्चं प्रूफ पुन्यांदा न्हाई पाठवायचं. पक्कं झालं की मगच."

चुकलेला मजकूर दुरुस्त करण्यासाठी पन्नाशी उलटलेल्या माणसाने एक अख्खी लिपी शिकायला घ्यावी, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. कोणी सांगितलेलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. तो हात अजून कामावर आहे की आपल्यामुळे गेला, एवढं एकच त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी ते रोज दहा अक्षरं गिरवत. बसच्या धुळकट काचेवर, मांडीवर, आमटीच्या वाटीतल्या वाफेवर.

साधारण दोन वर्षांनी त्यांच्या हाती एक मोबाइल फोन आला. डेराच्या त्या चिनी बाईने तो स्वतःच्या देशातून मागवून दिला होता. पडदा हिरवट, तळहाताच्या निम्म्याएवढा. खाली आकड्यांच्या कळा आणि कडेच्या खाचेत काडीसारखी एक लेखणी. त्या लेखणीने पडद्यावर अक्षर काढलं की रेघा क्षणभर थरथरत, विरत, आणि त्यांच्या जागी नेटकं छापील अक्षर उभं राही. पहिल्यांदा ते घडलं तेव्हा काकांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन ते अक्षर न्याहाळलं.

"खिळा," ते शेवटी म्हणाले. "हातानं लिवलं, आन् त्येचा खिळा झाला. मधी भट्टी न्हाई, साचा न्हाई."

पाडव्याला मी त्यांना करामातल्या माझ्या घरी जेवायला बोलावलं होतं. माझ्या मुलीने तो फोन उलटसुलट करून पाहिला. "आई, इट्स सो स्मॉल! अँड व्हाय डोन्ट दे जस्ट यूज एबीसी?"

"पोरी," काका श्रीखंडाचं बोट चाटत म्हणाले, "ए बी सी म्हंजे एक पेटी. त्येंच्याकडं कोठार हाय, कोठार."

"बट हाऊ डू यू रिमेंबर ऑल दॅट?"

त्यांनी पडद्यावर एक अक्षर काढलं. "हे वर छप्पर. खाली लेकरू, हात पसरल्यालं. छपराखाली लेकरू म्हंजे काय?"

"होम?"

"अक्षर. त्येंच्यात 'अक्षर' असं लिवत्यात. आता इसरून दाखव."

ती आज तिशीत आहे. विसरलेली नाही.

आणि मग, मजकूर पक्का होत आला असताना, त्यांचा उजवा हात कापू लागला. आधी चहाचा कप वाजायचा. पुढे लेखणी पडद्यावर टेकताच रेघेला दाते पडायचे. फोन बिचारा त्या दातेरी रेघांमधून काहीतरी ओळखायचा प्रयत्न करी आणि भलतीच अक्षरं पुढे करी, लग्नघरात पत्ता चुकून शिरलेल्या पाहुण्यांसारखी. डॉक्टर म्हणाले, कंपवात. त्याच सुमारास मॅनेजरसाहेबांनी सांगितलं की वय झालं, आता व्हिसा पुढे वाढणार नाही. काकांच्या हाती सहा आठवडे उरले.

"बाई, तुमी काढा," ते म्हणाले आणि लेखणी माझ्या हातात दिली.

मी प्रयत्न केला. आठ दिवस जेवणाची सुट्टी मी त्यात घातली. मी काढलेलं अक्षर कागदावर अगदी हुबेहूब दिसे, पण फोन ते ओळखत नसे. काकांनी माझ्या बोटांकडे निरखून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आवो, तुमी शिरोरेघ काढताय!"

खरं होतं. माथ्यावरची आडवी रेघ मी दर वेळी सर्वांत शेवटी ओढत होते. पहिलीच्या वर्गात पाटीवर आधी अक्षरं काढली आणि मग वरून रेघ ओढली, तेव्हापासून माझा हात तसाच चालत आला होता. चिनी अक्षरात ती रेघ बहुधा आधी येते. त्या फोनला नुसती आकृती पुरत नसे, तिचा क्रमही लागत असे. मला कळत होतं, पण हाताला पटत नव्हतं. तीस-पस्तीस वर्षांच्या त्याच्या इमानदारीला मी काय सांगणार?

"खलास," काका हळूच म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

दुसऱ्या दिवशी ते आले ते कित्त्याची वही पुढे करतच. "बाई, लेखणी ठेवा. कळा हायत की!"

आकड्यांच्या कळांवर बारीक रेघा छापलेल्या होत्या, त्यांकडे आम्ही आजवर लक्ष दिलं नव्हतं. एक म्हणजे आडवी. दोन म्हणजे उभी. तीन म्हणजे डावीकडे उतरणारी, तिला काका नुसतं 'डावी' म्हणत. चार म्हणजे टिंब. पाच म्हणजे वळण. कोणतंही अक्षर या पाचांतच बसे. रेघांचा क्रम सांगायचा, त्या त्या कळा दाबायच्या, पडद्यावर अक्षर हजर. हात सुंदर आहे की कापरा, हे कळेला समजत नसे. तिला फक्त क्रम हवा होता, आणि क्रम काकांच्या डोक्यात होता.

ते भिंतीला टेकून उभे राहिले. कापणारा हात त्यांनी डाव्या काखेत दाबून धरला आणि डोळे मिटले. "घ्या. टिंब, टिंब, वळण, वळण, उभी, आडवी."

मी दाबत गेले. चार, चार, पाच, पाच, दोन, एक. छप्पर उभं राहिलं, त्याखाली लेकरू आलं आणि त्याने हात पसरले.

"आलं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"फुडं चला."

अठरा अक्षरं त्यांनी अशी सांगितली. ना वही उघडली, ना पडद्याकडे पाहिलं. विद्यार्थिदशेत मी वेदपाठशाळेतल्या वृद्धांना एकेक पद उलटसुलट म्हणताना ऐकलं होतं, तेव्हा जसे हात आपोआप जुळले होते तसे याही वेळी जुळले असते, फक्त हातात फोन होता. बाहेर पेशावरी फोर्कलिफ्टवाला हॉर्न वाजवत होता. "चाचा, यल्ला! गाडी खड़ी है!" काकांना ते ऐकू गेलं नाही. त्यांच्या पापण्यांच्या आत एकामागून एक खिळा उचलला जात होता.

मजकूर असा होता: पूर्वी खोक्यांवर अक्षर कोण लिहीत होतं? अक्षर फार चांगलं. मी सहा वर्षं वाचलं. तक्रार नाही.

"आता नंबर," ते म्हणाले.

कारखान्याच्या माल पाठवणाऱ्या मुकादमाचा मोबाइल नंबर माझ्या कागदपत्रांत होता. तो मॅनेजरसाहेबांच्या परवानगीशिवाय कोणाला द्यायचा नव्हता, आणि परवानगी मागायला गेले असते तर मी दारातूनच परत आले असते. मी फाइल उघडली आणि नंबर स्वतःच दाबला. प्रत्येक आकडा दाबण्याआधी मी तो फाइलमध्ये पुन्हा ताडून पाहत होते. काकांनी ते पाहिलं.

"लहान काळीज," ते म्हणाले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ काय होता, हे एव्हाना मला ठाऊक होतं.

उत्तर आलं नाही. फोर्कलिफ्टवाला रोज विचारी, "चाचा, चाइना से जवाब आया?" काका म्हणत, "इन्शाल्ला." पुढे पुढे त्याने विचारणं सोडलं. सहा आठवडे संपले. निघताना त्यांनी तो फोन माझ्या टेबलावर ठेवला. "तिकडं त्येचा उपेग न्हाई. हितं आसू द्या. आलंच कायतरी तर..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. जुळाऱ्याने ओळ अर्धी सोडलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

मी तो फोन रोज चार्ज करत राहिले. पडदा रोज कोराच असे.

त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या कंटेनरच्या वेळची गोष्ट. फोर्कलिफ्टवाला ऑफिसच्या दारात आला. हॉर्न न वाजवता, पायी. "मॅडम, बाहर आइए. एक खोका है. हाथ का लिखा हुआ."

तो खोका शेवटच्या रांगेत, अगदी खाली होता. त्यावर इतर सगळ्यांसारखं छापील लेबल होतं. लेबलाखाली जाड काळ्या मार्करने दोनच अक्षरं लिहिलेली होती. खोक्यावर लिहायच्या शब्दांपैकी ती नव्हती. आमचा निरोप कोणाकडून कुठे गेला, तिथे तो कोणी कोणाला वाचून दाखवला, मला ठाऊक नाही. मी तिथेच खाली बसले आणि त्या अक्षरांच्या रेघांचा क्रम बोटांवर लावून पाहिला.

शुक्रवारी सकाळी मी करामाहून सांगलीकडे फोन लावला. घरातल्या कोणीतरी त्यांच्या कानाला रिसीव्हर लावून धरला असावा. स्वतः धरणं त्यांना आता जमत नव्हतं.

"काका, खोका आलाय. हातानं लिहिलेला."

"काय लिवलंय?"

ती दोन अक्षरं मला वाचता आली होती. त्यांनीच शिकवलेली होती. अर्थ मी एका दमात सांगू शकले असते. पण जुळणी माझी नव्हती.

"घ्या," मी म्हटलं. "पहिलं. डावी, आडवी, उभी, आडवी, वळण, डावी, टिंब."

"'मी'," ते लगेच म्हणाले. "फुडं."

"दुसरं. आडवी, डावी, उभी, आडवी, उभी, आडवी."

मग त्यांचा आवाज आला, फार लांबून, आणि फार सावकाश.

"'आहे'." आणि मग दोन्ही जोडून, "'मी आहे'."

"हो, काका."

"बाई, छापील न्हवं न्हवं? हातचं हाय?"

"हातचंच."

"शेवटची आडवी रेघ कशी हाय?"

मी डोळे मिटले. मला तो खोका दिसत होता.

"उजवीकडे थोडी वर गेली आहे," मी म्हटलं. "मान वर केल्यासारखी."

"मग त्योच," काका म्हणाले.